भिंतीवरची वस्त्रं

केळझरमधल्या कुठल्याही जुन्या घरात शिरलं की बैठकीत नजर आधी वर जाते. दाराच्या चौकटीवर, छताच्या थोडं खाली, खिळ्यांना दोरीनं टांगलेल्या आणि पुढे झुकलेल्या तसबिरींची ओळ असते. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव लोकांना ठाऊक आहे ते टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे. विदर्भाच्या अष्टविनायकांतलं हे एक स्थान, आणि महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी गावाची श्रद्धा. येणारे टेकडी चढतात, दर्शन घेतात आणि वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या वाटेला लागतात. केळझर माझं आजोळ, त्यामुळे मी खाली गावात घराघरांत बसलेली आहे आणि त्या ओळी मान वर करून पाहत आले आहे. ओळीत कोण आहे हे पाहतेच, पण त्याच्या अंगावर काय आहे ते जास्त निरखून पाहते.

शेगावचे गजानन महाराज बहुतेक घरांत आहेत. मांडी घालून बसलेले, हातात चिलीम, अंगावर काही नाही. गाडगेबाबा आहेत: चिंध्या जोडून केलेलं अंगवस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. तुकडोजी महाराज भगव्या टोपीत, खंजिरी घेऊन. कुठे पंचा नेसलेले गांधी. कुठे निळ्या सुटातले बाबासाहेब आणि शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली रमाई. शिवाय लक्ष्मी, सरस्वती, विठ्ठल. एकाच घरात सगळे असतात असं मुळीच नाही. वस्ती बदलली की ओळ बदलते, आणि कुणाच्या भिंतीवर कोण नाही यातही गावाची सगळी गोष्ट असते.

मला वाटतं, चित्रातल्या कपड्यांच्या बाबतीत विदर्भाच्या भिंतींनी जे केलं आहे तसं फार थोड्या ठिकाणी झालं असेल. जुन्या छापील चित्रात कपडा सांगायचा की या माणसाला वरून काय मिळालं आहे. इथल्या भिंतीवरचा कपडा सांगतो की या माणसानं स्वतः काय ठरवलं.

हे कळायला थोडं पुण्याला जावं लागेल. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्यानं केलेलं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तरुण पेशव्याच्या अंगावर मोती आणि रत्नं. राज्य ज्याच्या हातात होतं तो नाना त्या मानानं साधा. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून पुढे थॉमस डॅनियलनं इंग्लंडात पेशव्याच्या दरबाराचं मोठं चित्र रंगवलं: १७९० सालच्या तहाच्या वेळी रेसिडेंट मॅलेट दरबारात आला आहे तो प्रसंग. चार्ल्स टर्नर या खोदकाम करणाऱ्यानं १८०७ मध्ये त्याचा छाप काढला. मूळ चित्र एका भिंतीवर राहिलं. छाप घरोघर जाऊ शकले.

टर्नरनं वापरलेली रीत समजून घेण्यासारखी आहे. तांब्याचा पत्रा आधी सगळाच्या सगळा खरबरीत करायचा, इतका की तसाच छापला तर कागद काळाकुट्ट उमटावा. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरवडायचा आणि घोटायचा. जितका घोटला तितका गुळगुळीत, आणि गुळगुळीत जागा शाई कमी धरते. अशा छापात मशालजीची सावली आपसूक मिळते. पेशव्याच्या मलमलीच्या जाम्याला मात्र कारागिराचा हात दुखेपर्यंत घोटावं लागतं. चित्रातला सर्वांत शुभ्र कपडा म्हणजे सर्वांत जास्त मेहनत खाल्लेली जागा. प्रत्यक्षातही तेच होतं. पांढरी मलमल कुणीतरी कातली, कुणीतरी विणली, आणि ती रोज पांढरी राहावी म्हणून कुणीतरी नदीवर आपटली, तेव्हा ती दरबारात बसली.

मराठी राज्यात हुद्दाच मुळी कापडातून दिला जाई. पेशवा व्हायचं म्हणजे साताऱ्याहून छत्रपतींकडून वस्त्रं यायला हवीत. पुरंदरावर १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. ज्याला अजून मान धरता येत नाही त्याच्या नावानं शालू-शेले, शिरपेच येतात आणि त्या क्षणापासून हजारो तलवारी त्याच्या हुकमात! वस्त्रं मिळाली की माणूस झाला, आणि ती काढून घेतली की उरलं ते नुसतं नाव. नागपूरकर भोसल्यांनी हे दोन्ही पाहिलं. सेनासाहेब सुभा म्हणून मिरवलेलं हे घराणं. केळझर त्यांच्याच मुलखातलं. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, वारस इंग्रजांनी मानला नाही, आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. हत्ती-घोडे विक्रीला निघाले, जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला गेलं. वर्धा हा जिल्हा म्हणून वेगळा झाला तो त्यानंतर, १८६२ मध्ये, नव्या सरकारच्या सोयीनं.

सत्ता गेली आणि मग तिच्या कपड्यांची चित्रं सर्वांना परवडू लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. शिळेवर छापलेली देवांची, पेशव्यांची, नाना फडणविसांची रंगीत चित्रं तिथून बाहेर पडली. गमावलेल्या राज्याची पगडी, अंगरखा, खांद्यावरचा शेला कारकुनाच्या, मास्तराच्या खोलीत आला. त्या चित्रांमध्ये मला दुःख दिसतं, आणि ते खरं आहे. पण ते दुःख ज्यांचं काही गेलं होतं त्यांचं. ज्यांच्या आजा-पणजांना पेशवाईत पगडी सोडाच, धड रस्त्यानं चालायचीही मोकळीक नव्हती, त्यांनी त्या चित्राकडे कुठल्या डोळ्यांनी पाहावं?

योगायोग असा की त्याच १८७८ मध्ये, फेब्रुवारीत, शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले, असं भक्त मानतात. उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचणारा, अंगाचं भान नसलेला माणूस. पुण्यात कपड्यांनी भरलेली चित्रं छापली जात होती आणि वऱ्हाडात ज्याच्या अंगावर धागा नाही त्याच्या पायावर लोक डोकं ठेवत होते. पुढे महाराजांचंही चित्र छापलं गेलं, आणि छापणाऱ्यांनी त्यांना शाल पांघरली नाही, पीतांबर नेसवला नाही. देवाला नटवायची एवढी हौस असलेल्या आपल्या लोकांनी तो देह तसाच घराघरांत लावला. याचं मला फार अप्रूप वाटतं.

हौस किती, ते आमच्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मीवरून सांगते. ते रविवर्म्याच्या लक्ष्मीचं छापील चित्र होतं, कुठल्या पिढीत घरात आलं कुणालाच सांगता येईना. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या चित्रांनी देवींना साड्या कशा नेसवायच्या हे साऱ्या देशाच्या मनात पक्कं केलं. आमच्या लक्ष्मीच्या साडीला मात्र छापील काठावर खरी जर चिकटवलेली होती. बारीक टिकल्या, गळ्यात पोत म्हणून काचेचे मणी, आणि पदरावर खऱ्या कापडाची एक पट्टी. काच काढून जवळून पाहिलं तर गोंदाचे पिवळे डाग दिसायचे, टिकलीखाली कागद काळपट झालेला, आणि एका जागी जर ओढून बसवताना देवीचं बोट झाकलं गेलेलं. अशी सजवलेली चित्रं त्या काळात देशभर होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बोनार बंधूंनी छापलेल्या दरबारी स्त्री-पुरुषांच्या चित्रांवरही लोक हेच करत: छापील झगा कातरून काढायचा आणि मागून खऱ्या रेशमाचा तुकडा लावायचा. ज्याला ते रेशीम उभ्या जन्मात अंगाला लावता येणार नाही, त्याला ते निदान बोटांनी चिकटवता येत होतं. आमच्या घरातल्या ज्या बाईनं ती जर लावली, तिच्या स्वतःच्या लुगड्याला जर नव्हती हे मी खात्रीनं सांगते.

आणि हे सगळं कापसाच्या मुलखात. हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात त्याच नावानं ओळखला जाई. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ती इथलाच कापूस डोळ्यांपुढे ठेवून. केळझरच्या भोवतीच्या रानात पऱ्हाटी फुटली की आजही बाया पहाटेच वेचायला निघतात. लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं हात सोलून काढतात. डोक्याला फडकं, कमरेला कापडाची ओटी. ओटी भरली की पोट पुढे येतं आणि कापूस छातीपर्यंत चढतो. जगाला कापड पुरवणाऱ्या या बाईचं चित्र कुठल्या पेशव्याच्या चित्रकारानं काढलं नाही.

केळझरहून वर्धा जवळ, आणि १९२१ मध्ये वर्ध्यात जे झालं त्याचे चटके गावोगाव पोहोचले असणार. जमनालाल बजाजांनी रायबहादुरकी परत केली. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनी घरातले परदेशी, रेशमी कपडे होळीत घातले. दागिने तर त्यांनी त्याआधीच उतरवले होते. तरुण वयाची, सुखवस्तू मारवाडी घरातली सून. नंतरच्या छायाचित्रांत त्या जाड खादीत दिसतात, कान-गळा मोकळा. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला मदुराईत गांधींनी अंगातला सदरा-टोपी सोडून पंचा नेसला. त्याआधीचे गांधी पाहा: १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेले, डोक्याला काठेवाडी फेटा, अंगात अंगरखा. गरिबाला पुरेसं खादीचं कापड घेणं परवडत नाही, तर मी तरी कमी कापडात राहीन, असा तो निर्णय होता. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला राहायला आले तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्या वेशात काही नवल दिसलं नसेल. तो स्वतः तसाच नेसत होता. नवल एवढंच की ज्याला भेटायला लाटसाहेब थांबतात तो माणूस आपल्यासारखा दिसतो.

या त्यागापुढे मी वाकते. पण त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा कोट ठेवून कुणी विचारतं, गरिबांच्या पुढाऱ्यानं साहेबासारखं का राहावं, तेव्हा मला राग येतो. उतरवण्यासाठी आधी अंगावर असावं लागतं. जानकीदेवींपाशी होळीत घालायला रेशीम होतं. महार-मांगांच्या बाईनं लुगडं किती खाली नेसावं, कुठल्या धातूचे दागिने घालावेत, हे गाव ठरवत होतं. दिसताक्षणी जात कळावी यासाठीच ते होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते यावरच: लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जात सांगणारे ते जड दागिने टाका. ऐकून अनेकींनी तिथल्या तिथे नेसण बदललं. सभेतल्या ठरावांपेक्षा मला त्या निऱ्या मोठ्या वाटतात. वीतभर कापड खाली आलं आणि शेकडो वर्षांची खूण पुसली. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८८८ मध्ये उलट्या दिशेनं हेच केलं होतं. पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी दिलेल्या मेजवानीला ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीच्या मुलाला सांगितलं की देशातली खरी माणसं अशी दिसतात. फुल्यांना घरी चांगली पगडी होती. ती त्या दिवशी न घालणं हा त्यांचा अधिकार होता, आणि त्यांनी तो ज्यांना तसा अधिकार नव्हता त्यांच्यासाठी वापरला.

म्हणून भिंतीवरच्या त्या निळ्या सुटाला मी नुसता पोशाख म्हणू शकत नाही. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेल्या माणसाचा तो रोजचा वेश होता, हे एक. पण घरी साध्या सदऱ्यात बसलेल्या बाबासाहेबांचीही छायाचित्रं आहेत, आणि लोकांनी भिंतीसाठी निवडला तो कोट, टाय, खिशाला पेन. हा कोट कुणी साताऱ्याहून पाठवलेला नाही. कुणाच्या मेहरबानीनं अंगावर चढलेला नाही. भिंतीखाली अभ्यास करणाऱ्या पोराला तो सांगतो की असं तूही घालू शकतोस, आणि विचारायचं कुणालाही कारण नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना मात्र बाबासाहेब सुटात नव्हते. पांढरं रेशमी धोतर, पांढरा कोट. आणि समोर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत. वर्धा जिल्ह्यातूनही माणसं गेली: कुणी रेल्वेनं, कुणी बैलगाडीनं, कुणी पायी. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या मेलेल्याच्या अंगावरचं कापड आलं, त्यांनी त्या दिवसासाठी स्वतःच्या पैशानं पांढरं घेतलं. पेशव्याच्या जाम्याचा तो शुभ्रपणा, जो एकाच्या अंगावर दिसावा म्हणून बाकी सगळा पत्रा काळा ठेवावा लागत होता, तो एका मैदानात लाखोंच्या अंगावर आला. दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर छापील चित्रांची दुकानं लागतात. पुस्तकं आणि तसबिरी घेऊन लोक गावाकडे परततात, आणि केळझरच्याही कुणाच्या तरी भिंतीवर एक खिळा वाढतो.

थोरांच्या या ओळीच्या शेवटी घरचे लोक असतात. माझ्या आजोबांचा एकच फोटो आहे, वर्ध्याच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेल. आजोबा खुर्चीत बसलेत. खाली स्वतःचं धोतर, वर स्टुडिओचा कोट. तेव्हाच्या स्टुडिओत एक कोट, एक टाय, कंगवा आणि आरसा ठेवलेलाच असे. येईल त्यानं घालावा. कोट कुणाच्याच मापाचा नसल्यानं बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आहेत. गुंड्या खालपासून वरपर्यंत लावलेल्या. डाव्या हातात घट्ट धरलेली छत्री तेवढी त्यांची. असा फोटो पाहून हसणारी माणसं मला भेटली आहेत. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. रविवर्म्याच्या लक्ष्मीला जर चिकटवणारी बाई आणि दुसऱ्याच्या कोटात ताठ बसलेला हा माणूस एकाच घरातले आहेत. पुढच्या पिढ्यांनी मला असं पाहावं, हे आजोबांनी ठरवलं होतं, आणि ते ठरवण्याएवढे पैसे त्यांनी त्या दिवशी मोजले होते.

आजी गेली तेव्हा तिचा फोटो लावायचा प्रश्न आला. चांगला असा एकही नव्हता. मामेभावाच्या मोबाईलमध्ये एक होता: पऱ्हाटीत उभी, लुगड्यावर आजोबांचा सदरा, ओटी भरलेली, चेहऱ्यावर ऊन. फोटो सुंदर होता यात वाद नाही. मामेभाऊ पुण्याला शिकलेला. त्याचं म्हणणं, हीच खरी आजी, हाच मोठा करून लावू. स्टुडिओवाल्यानं दुसरंच सुचवलं. त्याच्या संगणकात तयार पैठण्या होत्या, हिरवी, जांभळी, मोरांच्या पदराची. पुरुषांसाठी सूट होते. नुसता चेहरा द्या, बाकी आम्ही बसवतो.

मामी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “रानातून आली का ते आधी हातपाय धुये, लुगडं बदले, मंगच दारात बसे. उभ्या जन्मात रानातल्या कपड्यावर कोणासमोर आली नाई. तुले तिचा तोच फोटो काहून पाह्यजे, बाप्पा?”

मामेभाऊ म्हणाला, “पण मेहनतीची लाज कशाला?”

“लाज कोण म्हणते? मेहनत तिनं केली. फोटो तं तिचा हाये ना, मेहनतीचा नाई.”

मी मामीच्या बाजूनं बोलले. पैठणी नको म्हणाले, कारण आजीनं कधी पैठणी नेसली नव्हती आणि मागितलीही नव्हती. तिचं एक हिरवं, लाल काठाचं नागपुरी लुगडं होतं. लग्नाकार्याला तेच निघायचं आणि घडी मोडून परत पेटीत जायचं. मावशीच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आजी त्या लुगड्यात मागच्या रांगेत सापडली, अर्धी कुणाच्या तरी फेट्याआड. स्टुडिओवाल्याला म्हटलं, हा घ्या. त्यानं विचारलं, काठ नीट दिसत नाही, दुसऱ्या साडीचा लावू का? मामीनं पेटी उघडली, लुगडं काढलं आणि काठाचा फोटो काढून घ्यायला सेलूला त्याच्या दुकानात स्वतः घेऊन गेली.